हत्तीला सांगायचा शब्द

घुग्घुसला ऋतू धुळीवरून ओळखावे लागतात. पावसाळ्यात ती चिखल होऊन चपलेला चिकटते, उन्हाळ्यात डोळ्यांत जाते आणि दिवाळी सरली की सकाळच्या गारठ्यात जमिनीलगत नुसती तरंगत राहते. कोळशाचे ट्रक, सिमेंटचे ट्रक, पाळीवरून सुटलेल्या माणसांच्या मोटरसायकली, सगळे त्या धुळीतून चाकं नसल्यासारखे जातात. माझ्या खिडकीत एक मनीप्लांट आहे. त्याची पानं मी रोज ओल्या फडक्याने पुसते. शेजारीण म्हणते, मॅडम, तुमचं झाड शाळेत जाते काय, रोज तोंड धुऊन तयार असते. मी इथे बदलून आले त्याला काही वर्षं झाली, तरी पुसायचं सुटलेलं नाही.

परवा त्या धुळीतून तणसाने भरलेला एक ट्रॅक्टर गेला. धान झोडून उरलेला पेंढा म्हणजे तणस. या कोळशाच्या गावात तो कुणाच्या म्हशींसाठी चालला होता कोण जाणे. समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना तो आमच्या भिंतीला घासला आणि मूठभर काड्या ओट्यावर पडल्या. मी एक उचलून नाकाशी धरली. ओलसर, गोडूस, जरा आंबूस वास. त्याच दुपारी फोनवर जुन्या गावाच्या ग्रुपमध्ये एक फोटो आला: चिखलात उमटलेलं परातीएवढं पाऊल, आत पाणी साचलेलं. खाली लिहिलं होतं, कळप आपल्या बाजूला आला आहे, पहाटे शेतावर कोणी जाऊ नये. त्याखाली कुणी हात जोडले होते, कुणी मोरया लिहिलं होतं आणि एकाने हसणारं तोंड टाकलं होतं. ते कशाला हसत होतं ते मला माहीत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ते गाव गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, धानाच्या पट्ट्यात. तिथल्या शाळेत मी मराठी शिकवत असे. कापणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असायचा. जी पोरं यायची त्यांच्या हातांवर धानाच्या पात्यांचे बारीक ओरखडे असायचे आणि कुणी ना कुणी सारखं शिंकत असायचं. खिडकीतून बांध्या दिसायच्या. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा चौकोन, चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेला. कापलेलं धान आधी बांधीत आडवं वाळत पडे, मग त्याचे भारे बांधून गोल पुंजणे रचले जात. घराएवढे पुंजणे. संध्याकाळी त्यांच्यामागे सूर्य गेला की गाव दुप्पट मोठं झाल्यासारखं वाटे. वर्षभराचं खाणं त्या पुंजण्यांत असतं, त्यामुळे माणसं थकलेली असली तरी त्या दिवसांत त्यांचं मन भरलेलं असतं. झाडीपट्टीच्या नाटकांची जाहिरात करत गाड्या फिरतात. पाहुणे येतात. सोयरिकी जमतात आणि शाळेचं स्नेहसंमेलनही याच दिवसांत येतं.

आमचे मुख्याध्यापक बोरकर सर. भला माणूस, पण 'भव्य' हा शब्द त्यांच्या पाचवीला पुजलेला. भव्य वृक्षारोपण म्हणजे कुंपणाशी लावलेली करंजाची चार रोपं. भव्य विज्ञान प्रदर्शन म्हणजे पाणी ओतलं की फसफसणारे दोन ज्वालामुखी. त्या वर्षी त्यांना भव्य संगीतिका हवी होती. लिहायची कुणी, तर मी. विषय मला शोधावाच लागला नाही, कारण सगळं गाव एकाच विषयावर बोलत होतं.

आदल्या हिवाळ्यात छत्तीसगडच्या अंगाने रानटी हत्ती जिल्ह्यात उतरले होते. वाघाशी तिथल्या माणसाची जुनी ओळख. मोहफुलं वेचताना किती वेळ वाकून राहायचं, कुठल्या झुडपाकडे पाठ करायची नाही, हे लेकरालाही ठाऊक. हत्तीचं तसं नव्हतं. कुणाच्या आजोबांच्या आजोबांनीही तिथे रानचा हत्ती पाहिला नव्हता. हत्ती म्हटला की एक देव्हाऱ्यातला गणपती, नाहीतर आलापल्लीच्या पुढे जंगल खात्याच्या कॅम्पातले पाळलेले हत्ती, ज्यांना नावं होती, वाढदिवस होते. सहलीला जाऊन आमच्या पोरांनी त्यांना केळी भरवली होती आणि सोंडेखाली उभं राहून फोटो काढले होते. म्हणून बांधीत पहिल्यांदा पावलं उमटली तेव्हा बायांनी त्यांवर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मीही गेले होते बघायला, चप्पल बांधावर काढून. पुढे त्याच हत्तींनी शेजारच्या गावात पुंजणे विस्कटून खाल्ले, तेव्हाही म्हातारी माणसं म्हणाली की देवानं खाल्लं, खाऊ द्या.

तर माझ्या संगीतिकेत एक अवाढव्य हत्ती गावात येतो. पाटील ओरडतो, शिपाई ढोल बडवतात, पुढारी भाषण करतो, हत्ती कुणालाच जुमानत नाही. मग एक लहान मुलगी पुढे होते, हात वर करून त्याला बसायला सांगते आणि तो बसतो. शेवटी सगळे मिळून झाडं लावतात. आमच्या सगळ्या संगीतिकांच्या शेवटी झाडंच लावली जातात.

हत्ती भाड्याने मिळेल असा माझा समज होता. वडशाला नाटक कंपन्यांची गोदामं आहेत, तिथे राजवाड्यांपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत सगळं मिळतं. मला रज्जाकभाऊंचं नाव कुणीतरी सांगितलं. त्यांच्या घरचा धंदा मंडपाचा. मोहरमला ताजिया, गणेशोत्सवात मखर, हिवाळ्यात नाटकांचं सामान. पन्नाशी उलटलेला माणूस, पान खाऊन ओठ लाल, बोलण्यात निम्मी हिंदी. त्यांनी गोदामात नेऊन हत्ती दाखवला. तो वासराएवढा होता आणि त्याला सोंडच नव्हती. मधल्या एका हंगामात यमाच्या रेड्याची गरज पडली म्हणून ती कापून शिंगं बसवली होती. मी हसू आवरत उभी राहिले. रज्जाकभाऊ म्हणाले की भाड्याचा कशाला, तुमच्या शाळेत येऊन असा बनवून देतो की खरा हत्ती बघायला येईल. हे वाक्य त्यांनी त्यानंतर गावात ज्याला त्याला ऐकवलं.

शाळेच्या व्हरांड्यात कारखाना सुरू झाला. बांबूच्या कांब्या चिरल्या गेल्या, त्या वाकवून पोटाच्या फासळ्या झाल्या. त्यांवर धान खरेदीच्या केंद्रातून आणलेलं गोणपाटाचं जुनं बारदान, त्यावर मैद्याची खळ लावून वर्तमानपत्रं, त्यावर काजळी कालवलेला चुना. सोंडेत बांबूची कडी एकात एक अडकवून मधून दोरी ओवलेली, ती ओढली की सोंड वर व्हायची. सगळ्या शाळेला खळीचा वास लागला. पहिलीतली पोरं बोटं चाटून बघत. मला त्या वासाने शिसारी यायची, आणि आज तो आठवला की भूक लागल्यासारखं होतं. आठवणीचं असं काहीतरी चमत्कारिक असतं खरं.

बांबू तोडून आणून देणारे ऋषीभाऊ. त्यांची मुलगी आचल आठवीत होती आणि संगीतिकेतली ती लहान मुलगी तीच होणार होती, कारण तिच्याइतका खणखणीत आवाज शाळेत दुसरा नव्हता. ऋषीभाऊ लग्नाआधी कॅम्पातल्या हत्तींसाठी चारा कापायच्या कामावर होते. त्या दिवसांचा त्यांना फार अभिमान. एरवी चार माणसांत मान खाली घालून बसणारा हा माणूस हत्तीचा विषय निघाला की उभा राहून बोलायचा. व्हरांड्यात त्यांची आणि रज्जाकभाऊंची रोज जुंपायची. ऋषीभाऊ म्हणत की कान एवढे मोठे नसतात, पाठ इतकी उंच नसते. रज्जाकभाऊ म्हणत की मागच्या ओळीतल्या माणसाला दिसायला नको का, स्टेजवर सगळं मोठंच करावं लागतं. बोरकर सर येता-जाता आणखी थोडा भव्य करा असं सांगून जात. तिघांचं मिळून जे झालं ते शाळेच्या सभागृहाच्या दारातून आत जाईना. शेवटी स्टेजच मैदानात न्यायचं ठरलं. त्या दिवशी हे दोघे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत एवढे हसले की खळीचं घमेलं कलंडलं.

हत्तीच्या आत चार मुलं असायची. त्यांना बाहेरचं काही दिसत नसे, फक्त पुढच्याची पाठ आणि बारदानाच्या विणीतून येणारा उजेडाचा चुरा. त्यांना एवढंच शिकवलं होतं की शब्द ऐकू येईपर्यंत चालायचं आणि तो ऐकला की बसायचं. हा शब्द मी लिहिलेल्या गाण्यात 'बस रे गजराजा' असा होता. ऋषीभाऊंनी तो ऐकला आणि पहिल्यांदाच माझ्या लिहिण्यात चूक काढली.

"हत्तीले मराठी नाई समजत, मॅडम," ते म्हणाले. "त्याले हिंदीतच सांगा लागते. हात असा करा लागते, अना एकच बार म्हणा लागते, बैठ. मंग तो तुमच्याकडं पायते, अना बसते."

त्यांनी उजवा हात वर केला, पंजा उघडा, बोटं जराशी मागे. आवाज चढवला नाही, पण तो शब्द असा टाकला की व्हरांड्यातली दोन-तीन पोरं खरंच खाली बसली. आम्ही हसलो. मग त्यांनी आचलला उभं करून तो हात आणि तो शब्द शिकवला, हत्ती आधी मागचे पाय कसे मोडतो, मग पुढचे, हे आतल्या पोरांनाही दाखवलं. गजराज गाण्यातून गेला. बैठ आला.

तो शब्द गावाने डोक्यावर घेतला. तालमी मैदानात चालत, येता-जाता लोक बघायला थांबत. पोरं म्हशीला हात दाखवून बैठ म्हणू लागली. बाया नवऱ्यांना म्हणू लागल्या. एसटीचा कंडक्टर उभ्या माणसांना बैठ म्हणाला, तर सगळी गाडी हसली. ऋषीभाऊ दिसले की पोरं मुद्दाम रस्त्यातच बसून घेत. ते ओशाळून हसत, पण चालताना त्यांची मान वर असे. त्या मोसमात मी त्यांना जेवढं खुशीत पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं.

मी अजून सातवीला आज्ञार्थ शिकवते. क्रियापदावरून हुकूम, विनंती, आशीर्वाद कळतो तेव्हा त्याला आज्ञार्थ म्हणतात, असं फळ्यावर लिहिते. बस. ऊठ. जा. ये. पोरांना हा धडा सोपा वाटतो, कारण त्यात सगळे शब्द घरचे. पण त्या धड्यात एक गोष्ट कुठेच लिहिलेली नसते की ज्याला आपण सांगतो त्याला तो शब्द कुणीतरी आधी शिकवलेला असावा लागतो. कॅम्पातल्या हत्तीला तो लहानपणी शिकवला होता, साखळीने, माराने, गुळानेही. ऋषीभाऊ तिथे गेले तेव्हा हत्ती तयार होते. त्यांनी फक्त शब्दाची जादू पाहिली. त्यांना वाटलं, शब्द हत्तीच्या जातीतच असतो.

तो दिवस धुक्याचा उजाडला. उजेड होता, पण बांधाच्या पलीकडे सगळं दुधासारखं. ऋषीभाऊ आणि त्यांची बायको वनिताबाई शेतावर निघाले, कारण आदल्या दिवशीच त्यांचा पुंजणा रचून झाला होता आणि कळप पलीकडच्या जंगलात असल्याची बातमी होती. पुढचं मला वनिताबाईंनी सांगितलं, एकदाच, तेरावं झाल्यावर, दारात तांदूळ निवडत. पुंजण्याशी एकटा हत्ती उभा होता. मोठा, सुळ्यांचा. शांतपणे भारे ओढून खात होता. वनिताबाई म्हणाल्या, चला मागं. ऋषीभाऊंनी त्यांना मोहाच्या झाडाशी थांबायला सांगितलं. काऊन भेतेस, म्हणाले, मले माहीत हाये ना याचं काम. आणि हात वर करून बांधीत उतरले.

त्यांनी शब्द म्हटला. हत्तीने खाणं थांबवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते तसेच थांबले असते, मागे सरकले असते, तर कोण जाणे. पण हत्तीने पाहिलं, आणि पाहतो तो बसतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते आणखी पुढे गेले. पुन्हा शब्द म्हटला, हात तसाच वर. वनिताबाईंना सगळं दिसत होतं. हत्तीचे कान पसरलेले दिसले, तो वळलेला दिसला.

"माह्या तोंडातून आवाजच नाई निघाला, मॅडम," त्या म्हणाल्या. "पदर तोंडात कोंबून उभी राह्यली. एक हाळी नाई देल्ली म्या."

तांदळातला खडा त्यांनी बाजूला टाकला आणि पुढचा शोधू लागल्या.

मेलेल्या माणसाची कीव गावाला येते, पण ती फार दिवस टिकत नाही. आधी हळहळ झाली, मग चर्चा. काही दिवसांत पानटपरीवर त्याचा किस्सा झाला. हत्तीला बैठ म्हणायला गेला. हत्ती नाही बसला, हाच बसला. हे बोलणारी माणसं वाईट होती असं म्हणवत नाही. त्यातले काही त्यांच्या तिरडीला खांदा देऊन आले होते. मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती, कारण त्या जागी त्यांच्यातला कुणीही असता तरी त्याने पावलावर वाहिलेलं हळदीकुंकू आठवून हात जोडलेच असते. पण हे मला आज, इतक्या लांबून कळतं. तेव्हा मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. अजूनही वाटते. परवाचं ते हसणारं तोंड त्याच किश्श्याचं होतं. इतक्या वर्षांनीसुद्धा फोनवर कुणाचं तरी बोट तिथे जातं.

बायांचं बोलणं वेगळं, आणि त्याहून जास्त लागणारं. वनिताचा आवाज चार बांध्यांपलीकडे जातो, त्या म्हणत. तिच्या हाळीने धानावरची पाखरं उठतात. तिने एक हाळी दिली असती तर माणूस मागे वळला असता. जंगल खात्याच्या गार्डने मला सांगितलं होतं की ओरडलं असतं तर हत्ती कदाचित दोघांवरही आला असता. मी हे वनिताबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जशी आपण पाहुण्याच्या बोलण्यावर हलवतो. त्या धुक्याच्या दिवसापासून त्यांनी मोठ्याने बोलणंच सोडलं होतं. आचलला बोलवायचं असलं तर त्या उठून तिच्यापर्यंत जात आणि खांद्याला हात लावत. गाय दुसऱ्याच्या वाडीत शिरली तरी तोंडाने हाकलत नसत, चालत जाऊन दोर धरत. एकाच गावात राहून त्यांचा आवाज कसा होता हे मी विसरू लागले होते.

आमच्या व्हरांड्यात हत्ती उभा होता. रंगाचा शेवटचा हात राहिला होता. पोरं त्याच्या बाजूने जाताना भिंतीला घासून जात. शाळेच्या हत्तीनेच खरे हत्ती बोलावले, असंही एकाने ग्रामसभेत म्हणून टाकलं आणि रज्जाकभाऊंचं ते जुनं वाक्य, खरा हत्ती बघायला येईल, लोकांना नेमकं आठवलं. कुणी त्यांना तोंडावर काही बोललं नाही. पण ते आले की टपरीवर गप्पा थांबत. ज्या माणसाने गावाचं गणपतीचं मखर वर्षानुवर्षं सजवलं, त्याला चहा विचारायला त्या आठवड्यात कुणी पुढे झालं नाही. एका दुपारी ते पिकअप घेऊन शाळेत आले. मी नेतो मॅडम, म्हणाले, घरी नेऊन तोडून टाकतो, मले बी झोप नाई येत. बोरकर सरांनी मध्येच सुचवलं की हत्तीच्या जागी गाय केली तर नाही का चालणार. रज्जाकभाऊंनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं.

आचल तेवढ्यात तिथे येऊन उभी राहिली. तिने त्या दिवसांत पहिल्यांदाच शाळेचा गणवेश घातला होता. तिने सांगितलं की हत्ती तोडायचा नाही. त्याच्या फासळ्या तिच्या बाबांनी तोडलेल्या बांबूच्या होत्या, त्यांनीच वाकवल्या होत्या. ती गाणं म्हणणार होती आणि तो शब्दही म्हणणार होती. मी तिला समजावलं की शब्द आपण बदलू, नुसता हात केला तरी चालेल. लोक हसतील, हे मी बोलले नाही, पण तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

"हसू द्या," ती म्हणाली. "बाबा येडे नव्हते, मॅडम. हत्ती बसते. एक तरी बसला पायजे ना."

रज्जाकभाऊ मागे वळून पिकअपच्या बोनेटवरची धूळ पुसत राहिले. मग त्यांनी चुन्याची बादली मागवली आणि शेवटचा हात द्यायला घेतला. वनिताबाईंना विचारायला मी स्वतः गेले. त्या म्हणाल्या, करू द्या तिले. स्वतः येणार नाही, हेही सांगितलं.

स्नेहसंमेलन त्या वर्षी भर दुपारी झालं. अंधार पडायच्या आत सगळ्यांनी घरी पोचावं असं जंगल खात्याने कळवलं होतं. त्यामुळे दिवे नाहीत, रंगीत झोत नाहीत, उन्हात सगळंच उघडं पडलेलं. पडद्याची ठिगळं दिसत होती, पोरांच्या तोंडावरची पावडर घामाने ओघळत होती. मैदान मात्र गच्च भरलं होतं. एवढी गर्दी कशासाठी जमली ते मला कळत होतं. लोकांना संगीतिका पाहायची नव्हती. त्यांना आचल तो शब्द म्हणते की नाही हे पाहायचं होतं. टपरीवरची मंडळी डाव्या बाजूला, मोटरसायकलींवर बसून होती. रज्जाकभाऊ माझ्याबरोबर पडद्याच्या कडेला उभे होते आणि त्यांनी पान खाल्लेलं नव्हतं. मला वाटत होतं, एक जण जरी हसला तरी या पोरीचं जन्मभराचं काहीतरी मोडेल.

पाटील ओरडला, शिपायांनी ढोल बडवले, पुढाऱ्याने भाषण केलं. लोक जिथे हसायचं तिथे हसले, जरा जास्तच. मग हत्ती आला. व्हरांड्यात तो मोठा वाटायचा, त्या उघड्या उन्हात प्रचंड वाटला. पुढच्या ओळीतलं एक लेकरू रडायला लागलं. आचल स्टेजच्या मधोमध उभी राहिली. तिने उजवा हात वर केला, पंजा उघडा, बोटं जराशी मागे. मैदान एकदम शांत झालं.

तिचे ओठ हलले. मी चार पावलांवर होते, मलाच जेमतेम ऐकू आलं. तालमीत तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, आता तो घशाच्या बाहेरच पडेना. बारदान आणि कागदांच्या थरांतून आत काहीच पोचलं नाही. आतली पोरं शिकवल्याप्रमाणे चालत राहिली. तिने पुन्हा ओठ हलवले. हत्ती चालत राहिला. ती हात वर धरून तशीच उभी, एक पाऊलही मागे नाही, उलट जराशी पुढे झाली. तेव्हा मैदानातल्या प्रत्येकाला कळलं की आपण काय बघतो आहोत. ती धुक्यातली बांधी आमच्यातल्या कुणी पाहिली नव्हती. ती आता भर उन्हात आमच्यासमोर होती. मोटरसायकलींवरची माणसं खाली उतरून उभी राहिली होती. सोंड तिच्या हाताला लागायला आली होती.

"आचल, मांगं सर! मांगं सर, पोरी!"

हाळी बायांच्या मागून, कुंपणाकडून आली आणि शाळेच्या भिंतीवर आपटून परत आली. कडूलिंबावरची पाखरं उठली. आचल दचकून मागे सरली. आणि आतल्या पोरांना वाटलं, हाच शब्द. हत्तीने आधी मागचे पाय मोडले, मग पुढचे, आणि तो बसला.

कुणी हसलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. पेटीवाले गुरुजी सवयीने पुढची ओळ वाजवत होते, तेही थांबले. मी धावत कुंपणापाशी गेले. वनिताबाई तारेला धरून उभ्या होत्या, हाताला तार रुतली होती. बाया त्यांना बसवायला बघत होत्या, पाणी पाजायला बघत होत्या, पण त्या कुणाला जुमानत नव्हत्या. त्या स्टेजकडे बघत होत्या, खाली बसलेल्या हत्तीकडे आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे. माझा हात त्यांनी घट्ट धरला.

"होता ना, मॅडम," त्या म्हणाल्या. "आवाज त होता माह्याजवळ."